ढोलकातला उशीर

वेंकटरावांनी कीबोर्डवर डाव्या हातानं सी मेजर कॉर्ड दाबला. ढोलक सुरू झाला. चांगला वाजत होता. मग त्यांनी एफ दाबला आणि ढोलकाच्या जागी शिट्टी, घंटा आणि टाळी असं काहीतरी एकत्र ऐकू आलं. त्यांनी दचकून हात उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारच्या खुर्चीत त्यांचे धाकटे भाऊ सेतुराव बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

तो ढोलक सेतुरावांचा होता.

मी तेव्हा मैलापूरला नोकरी करत होते. खाली वाद्यांचं दुकान, वर आमचं छोटं ऑफिस. मिरजेहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून चेन्नईला आलेली, तमिळ जेमतेम बसमध्ये तिकीट मागण्यापुरतं. काम होतं मिडी फाइल्सपासून कीबोर्डसाठी रिदम तयार करण्याचं. हे ऐकून घरचेही गोंधळायचे, म्हणून थोडं सांगते.

या कीबोर्डवर वाजवणारा एकटाच असतो. उजव्या हातानं तो गाण्याची चाल वाजवतो. डाव्या हातानं फक्त कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम दाबून ठेवतो. ढोलक, बेस गिटार, बाकीची साथ कीबोर्ड स्वतः वाजवतो. कॉर्ड बदलला की बेसचे सूरही त्याप्रमाणे बदलतात. या साथीला कंपनीच्या पुस्तकात स्टाईल म्हणतात, तिथले वादक नुसतं रिदम म्हणत. कीबोर्डमध्ये येणारे तयार रिदम बहुतेक विलायती. आपल्या गाण्यांना ते चालत नाहीत. म्हणून मिडी फाइलमधून चार-चार मात्रांचे तुकडे काढून आम्ही नवे रिदम बनवायचो आणि फ्लॉपीवर द्यायचो.

मिडी फाइलमध्ये आवाज नसतो. कोणता सूर, कधी, किती जोरात वाजला एवढंच असतं. ढोलकाच्या प्रत्येक थापेलाही एकेक सूर नेमून दिलेला असतो. आमच्या सॉफ्टवेअरनं सेतुरावांचा ढोलक चुकून बेसच्या जातीत टाकला होता. त्यामुळे कॉर्ड सीवरून एफवर गेल्यावर कीबोर्डनं ढोलकाचे सूरही इमानदारीत वर सरकवले. सरकवलेल्या सुरांवर होती शिट्टी आणि घंटा.

"काका, ही सेटिंगची चूक आहे. आत्ता सुधारते," मी म्हटलं.

"कर मा. पण आदितवारच्या आंत होईल नाहीं?" वेंकटराव म्हणाले.

ते तंजावरकडचे मराठी. घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली त्यांची मराठी मला जुन्या छापील पुस्तकातल्यासारखी वाटे. मध्येच 'मा'सारखे तमिळ शब्द यायचे, वाक्याचा हेलही तमिळच. एका बँकेतून कारकून म्हणून ते निवृत्त झाले होते. पण उभ्या चेन्नईत त्यांची ओळख होती ती दोन भावांच्या ऑर्केस्ट्रामुळे. थोरला आधी हार्मोनियमवर, मग कीबोर्डवर. धाकटा ढोलकावर. लग्नाची रिसेप्शन्स, कॉलनीतली नवरात्रं, क्लबचे वार्षिक समारंभ. गायक बदलत राहिले, हे दोघे राहिले.

आदल्या वर्षी सेतुरावांना पक्षाघात झाला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. नशिबानं त्याआधी एका ओळखीच्या स्टुडिओत त्यांनी इलेक्ट्रॉनिक पॅडवर बरीच गाणी वाजवून ठेवली होती. शेजारी वेंकटराव कीबोर्डवर होतेच. त्या मिडी फाइल्स घेऊन दोघे आमच्याकडे आले होते. वेंकटरावांना दुसरा ढोलकवाला नको होता. "सेतुच वाजवेल," ते म्हणत, "हातानें नाहीं तर फ्लॉपीनें."

रविवारी एन्नोरला वीज केंद्राच्या क्वार्टर्समधल्या क्लबचा कार्यक्रम होता. क्लबच्या सेक्रेटरीनं स्पष्ट सांगितलं होतं, मशीनचा ढोलक आम्हाला नको, पण तुम्ही जुने आहात म्हणून एकदा ऐकतो. आवडलं नाही तर पुढच्या वर्षापासून दुसरा ऑर्केस्ट्रा.

ढोलकाचं चॅनल मी वेगळं काढलं, कॉर्डप्रमाणे सरकण्याची सेटिंग बंद केली. शिट्ट्या गेल्या. मग नेहमीप्रमाणे सगळं क्वांटाइझ केलं. माणूस वाजवतो तेव्हा प्रत्येक थाप घड्याळाच्या काट्यावर पडत नाही, एखादी जरा आधी, एखादी जरा नंतर. क्वांटाइझ म्हणजे एका बटणानं सगळ्या थापा आपापल्या रेघेवर आणून बसवणं. प्रत्येक फाइलला आम्ही ते करायचोच. आमचे साहेब राघवन सर त्याला इस्त्री म्हणायचे.

दोन दिवसांनी दोघे भाऊ तालमीला आले. वेंकटरावांनी सुरुवात केली.

ढोलक स्वच्छ होता. आवाज ठीक होता. पण गाणं लंगडत होतं. प्रत्येक वेळी कॉर्ड बदलताना बेस आधी जुन्या सुरावर पडायचा आणि लगेच उडी मारून नव्यावर जायचा. पायरी चुकलेल्या माणसासारखा. वेंकटराव थांबले, पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच.

"मशीन घाई करतें," ते म्हणाले. कपाळावर घाम होता. "सेतु असं वाजवत नव्हता."

मी टेम्पो कमी केला. उपयोग झाला नाही. हळू लंगडू लागलं, इतकंच. बेसचा आवाज कमी केला तर गाणं पोकळ वाटायला लागलं.

आवाज ऐकून राघवन सर आतून आले. एक गाणं उभ्यानं ऐकलं. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "फाइल परफेक्ट आहे. प्लेयर लेट आहे. त्यांना प्रॅक्टिस करायला सांग."

"सर, या वयात? आणि रविवारी प्रोग्राम आहे."

"मग साधा रिदम लावून दे. नुसता ठेका, बेस नको. एन्नोरला कोणाला कळणार आहे?"

कळलं असतं. ज्या सेक्रेटरीला मशीनच नको होतं त्याला तर नक्की कळलं असतं. पण सरांचं एक म्हणणं खरं होतं. मी नीट ऐकलं. वेंकटरावांचा डावा हात कॉर्डवर उशिरा पोचत होता. फार नाही, पापणी लवायच्या आत संपेल इतका. पण प्रत्येक वेळी. आता हे साठी उलटलेल्या माणसाला, त्याच्या भावासमोर, कोणत्या तोंडानं सांगायचं? आयुष्यभर हार्मोनियम-कीबोर्ड वाजवल्यावर एका डिप्लोमावालीनं सांगायचं की काका, तुमचा हात मागे पडतो?

मी म्हटलं, "काका, अजून एकदा वाजवा. मी ऐकते."

ते वाजवू लागले. त्यांच्या हाताकडे बघायचा मला संकोच वाटला म्हणून मी सेतुरावांकडे बघत बसले. ते डाव्या हाताच्या बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते. मशीनच्या ढोलकाबरोबर नव्हे, स्वतःचा. तीन मात्रा अगदी काट्यावर. मग कॉर्ड बदलायची वेळ आली की त्यांचं बोट वर उचललेलं, आणि तिथेच थांबलेलं. नजर भावाच्या डाव्या हातावर. तो हात पट्टीवर उतरला की बोट खाली. पुन्हा तीन मात्रा काट्यावर. पुन्हा बोट हवेत.

मी अख्खं गाणं ते बोट बघत होते. एकदाही चुकलं नाही.

वेंकटराव चहा प्यायला खाली गेले. सेतुरावांना जिना जमत नसे, वर यायलाच त्यांना दोन माणसं लागत. ते खुर्चीतच राहिले. मी त्यांच्याजवळ स्टूल ओढून बसले.

"सेतुकाका, तुम्ही त्यांच्यासाठी थांबायचात?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बोलायला त्यांना वेळ लागायचा.

"पहिल्यापासून," ते म्हणाले. "त्याचा हात... असाच."

"आणि त्यांना माहीत नाही?"

त्यांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हातानं माझं मनगट धरलं. पकड चांगली घट्ट होती.

"सांगूं नकोस. त्याला."

मी "नाही सांगत" म्हटलं आणि तेव्हाच मला धास्ती बसली. आता दुरुस्ती मशीनमध्येच करायला हवी होती आणि त्यांचं ते थांबणं ज्यांत होतं त्या मूळ फाइल्स माझ्याजवळ नव्हत्या. आमच्या कॉम्प्युटरवर जागा कमी असायची, म्हणून इस्त्री केलेली फाइल जुनीवरच सेव्ह व्हायची. स्टुडिओतली फ्लॉपी आम्ही काम घेतलं त्याच दिवशी वेंकटरावांना परत दिली होती. ती त्यांच्याकडे अजून असेल का, चालत असेल का, काहीच ठाऊक नव्हतं. चेन्नईच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरायला वेळ लागत नसे.

वेंकटराव वर आले. मी जमेल तितक्या सहज विचारलं, "काका, ती पहिली फ्लॉपी आहे ना घरी? जरा हवी होती."

"कशाला? काय बिघडलें?"

"बिघडलं नाही. मशीनमध्ये टाइमिंगची एक सेटिंग राहिली माझी. मूळ फाइलवरून बघून घेते."

"म्हणजे मशीनच चुकतें ना?"

"हो काका. मशीनच."

राघवन सर दारात उभे होते. त्यांनी भुवया वर केल्या.

फ्लॉपी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. देवघरातल्या पेटीत ठेवली होती म्हणे. ड्राइव्हमध्ये घातली तर घरघर करत राहिली आणि एरर आली. काढून, पत्रा सरकवून फुंकर मारली, पुन्हा घातली. पुन्हा एरर. खालच्या दुकानातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेली तेव्हा कुठे उघडली. मी आधी तीन ठिकाणी कॉपी केली, मगच खुर्चीत बसले.

फाइल वाजवली. सेतुरावांची बोटं जे सांगत होती तेच त्यात होतं. स्टुडिओत लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम चालू असतानाही ते पहिल्या मात्रेवर भावासाठी थांबले होते आणि बाकीच्या मात्रांत कोणाला कळू न देता पुन्हा मेट्रोनोमला गाठलं होतं. मी एका बटणात ते पुसून टाकलं होतं, कारण मला ती वाजवण्यातली कसर वाटली होती.

मग नव्यानं सगळं केलं. या खेपेला इस्त्री नाही. ढोलक जसाच्या तसा ठेवला. पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. बेस मी स्वतः रचून घातलेला होता, तो काट्यावरच पडत होता. बेसची पहिली मात्रा ओढून ढोलकाच्या पहिल्या थापेखाली आणली, प्रत्येक तुकड्यात, प्रत्येक गाण्यात. इंट्रोत आणि शेवटाला कॉर्ड बदलत नाही, तिथे हात लावला नाही. कंटाळवाणं काम होतं आणि ते बरोबर होतंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. मी स्वतः वाजवून पाहिलं तर मला तो रिदम ढिला वाटायचा. माझा डावा हात वेळेवर पडत होता ना.

वेंकटरावांना पुन्हा तालमीला यायला जमलं नाही, घरी लग्नाचे पाहुणे होते. म्हणजे एन्नोरलाच पहिल्यांदा वाजणार. राघवन सर म्हणाले, "तू जा बरोबर. काही झालं तर तिथे तूच बघ." मी दोन फ्लॉप्यांवर सगळं घेतलं आणि रविवारी दुपारी त्यांच्या व्हॅनमध्ये बसले.

क्वार्टर्सच्या मैदानावर मांडव होता. मागे वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या, झाडांच्या पानांवर राखेचा थर. सेक्रेटरी पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या बेतात असताना दिवे गेले. वीज केंद्राच्या दारात वीज गेली म्हणून लोक हसले. मला हसू आलं नाही. त्या कीबोर्डमध्ये बाहेरून भरलेले रिदम वीज गेली की पुसले जायचे. दिवे आल्यावर मी स्टेजवर धावले, फ्लॉपी घातली आणि त्या घरघरीकडे कान लावून उभी राहिले. या वेळी एरर आली नाही.

मी विंगेत सेतुरावांच्या खुर्चीमागे थांबले. गायिकेनं सूर धरला. वेंकटरावांनी रिदम सुरू केला. पहिला कॉर्ड बदलायची वेळ आली. सेतुरावांचं बोट वर गेलं. वेंकटरावांचा हात उतरला, बोट उतरलं, ढोलक आणि बेस एकदम पडले. एकत्र. कुठेही उडी नाही.

दुसऱ्या ओळीलाही तसंच. तिसऱ्या ओळीला मी खुर्चीची पाठ सोडली. बोटं आखडली होती.

चौथ्या-पाचव्या गाण्याला सेक्रेटरींची घडी सुटली आणि पाय ठेका धरू लागला. कार्यक्रम संपल्यावर ते स्टेजमागे आले. वेंकटरावांना पुढच्या वर्षीचं तेव्हाच सांगून टाकलं, आणि जाता जाता विचारलं, "ढोलक कोण वाजवत होतं? आत कोणी बसलं होतं का?"

"हा," वेंकटराव सेतुरावांकडे हात करून म्हणाले.

सामान आवरताना ते फार खुशीत होते. कीबोर्डवर कव्हर घालता घालता मला म्हणाले, "पाहिलंस मा? शेवटीं मशीन शिकलें. सेतु पण लहानपणीं अशीच घाई करायचा. मग माझ्याबरोबर बसून बसून वळणावर आला."

सेतुरावांनी माझ्याकडे पाहिलं. तोंडाची एकच बाजू हलत असे त्यांची, त्या बाजूनं ते हसले. मग भावाला म्हणाले, "खरं आहे."

त्यानंतर मी बरीच वर्षं हे काम केलं. मूळ फाइल कधीच पुसली नाही. आणि कोणाच्या वाजवण्यात ठरलेल्या जागी उशीर दिसला, तर इस्त्री करण्याआधी विचारून घेतलं, की याच्या शेजारी कोण बसत होतं.