दसरूच्या नावाचं नेटवर्क

हे सांगायचं मी बरेच दिवस टाळलं. भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मला कीव येते, आणि त्या ऐकून माना डोलावणाऱ्यांची त्याहून जास्त. आज त्यांच्याच रांगेत मी उभा आहे... असो.

मी वनखात्यातला निवृत्त वायरलेस ऑपरेटर. सिंदेवाहीपासून थोडं आत, जंगलाला लागून आमचं गाव. सेटवर वाघाची जागा कधी उघड बोलायची नाही, ठरलेले सांकेतिक शब्दच वापरायचे — हा नियम मी सगळी नोकरी पाळला. नव्या पोरांनी मोडला की त्यांना फाडून खायचो. मोबाइल मात्र मला खेळणं वाटायचा. खेळण्याला कसला नियम?

गावात दसरू नावाचा वनमजूर होता. मोहफुलांच्या दिवसांत तो उजाडायच्या आत वाघिणीचा माग काढायचा आणि पंजाच्या ठशाचा फोटो, जागेच्या खुणेसकट, मला पाठवायचा. मग मी भोंग्यावरून मोह वेचायला निघालेल्या बायांना सांगायचो — आज नाल्याकडं जाऊ नका, आज तळ्याकडं नको. रानात माझ्या फोनला रेंज नसायची, त्याच्या कंपनीची यायची, म्हणून दसरूच्या फोनवरचं हॉटस्पॉट मीच लावून दिलं होतं. नाव ‘दसरू’. पासवर्ड नाही.

“याले कुलूप नाई लावत का, भाऊ?” त्यानं विचारलं होतं.

“कोन येते इथी चोरी कराले? अस्वल?”

“अस्वलाले रिचार्ज कोन मारून देईन!” म्हणत तो खो-खो हसला.

एकदा चंद्रपूरच्या रस्त्यावर एका ढाब्यावर फुकट वायफाय मिळालं. त्यावर क्रिकेट दाखवणारं कुठलंसं ॲप आलं, ते घेतलं. फोटो पाहू? हो. लोकेशन पाहू? हो. आजूबाजूला माझ्यासारखेच शहाणे माना खाली घालून बसलेले... गुळावरच्या माश्या नुसत्या!

थोड्याच दिवसांत वाघीण नाल्याच्या वाटेवर तारेच्या फासात मेली. जिथं जिथं ठसे टिपले होते, तिथं तिथं फास होते. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं, ह्या जागा कुणाला ठाऊक होत्या?

“दसरूला,” मी म्हणालो. “टपरीवर सगळ्यांना फोटो दाखवत बसतो.”

दसरू समोरच उभा होता. “भाऊ, मी तं तुमालेच पाठवतो ना...”

त्याचं काम गेलं. वाघीण विकणारा म्हणून गाव त्याच्याकडं बोट दाखवू लागलं. पुढं चंद्रपूरच्या पुतण्यानं माझा फोन पाहिला आणि म्हणाला, “काका, ह्या ॲपनं तुमचे सगळे फोटो बाहेर पाठवलेत.” मी ॲप काढलं आणि पुतण्याला गप्प बसवलं. दसरू कोरपन्याकडे कापसाच्या जिनिंगवर मजुरीला गेला, तिथंच तापानं वारला.

यंदाची गोष्ट. ऊन चांगलं वर आलं होतं. नाल्याजवळच्या आमच्या मोहाखाली उभा होतो आणि खिशात फोन थरथरला. वायफाय जोडलं गेलं होतं — दसरू.

जुनी नावं फोनमध्ये साठून राहतात, हे मला कळतं. पण साठलेलं नाव वेगळं आणि प्रत्यक्ष जोडलेलं नेटवर्क वेगळं. नाल्याकडं चालत गेलो तशी रेंज वाढत गेली. वाघीण मेली त्या जागी पूर्ण भरली. मागं सरलो की कमी. चौफेर वाळला पाला; सरडा हलला तरी आवाज आला असता. कुणी नव्हतं.

पुतण्या म्हणतो, कुणी त्याच नावाचं नेटवर्क लावलं असेल. असेल ना! भर रानात, एका म्हाताऱ्याची चेष्टा करायला! त्याच्या त्या कॉम्प्युटरच्या डिग्रीची कीव येते. माझ्याकडं मात्र त्याहून बरं उत्तर अजून नाही.

त्या दिवशी तसाच दसरूच्या घरी गेलो. त्याची बायको, सुमनबाई, अंगणात मोहफुलं पसरत होती.

“दसरूचा फोन कोनाजवळ हाय, बाई?”

“कोनाजवळ राह्यते? तिकून आला तसा पेटीत पडून हाय.”

तिनं काढून दाखवला. काच फुटलेली, सिम नाही, बॅटरी फुगून मागचं झाकण उघडलेलं.

“काऊन भाऊ?” ती म्हणाली. “मेल्यावरबी चौकशी करून राह्यले का त्याची?”

“सुमनबाई, त्या दिवशी साहेबांपुढं मी...”

तिचे हात थांबले. “बोला ना.”

“थोडं पानी दे,” मी म्हणालो.

तिनं गडवा भरून दिला. मी प्यालो आणि घरी आलो.