तिसरा आकडा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या श्रीनिवासला तर नाहीच.

मी कामात चांगली आहे — हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं अजाणतेपणी घडलं असं तुम्हाला वाटायला नको. मी मूळची निपाणीची. बंगळूरला मारतहळ्ळीतल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे, आणि घरी, स्वतःच्या वेळात, एक छोटं ओपन सोर्स सॉफ्टवेअर सांभाळते. मराठी, कन्नड, हिंदी — कशातही लिहिलेली तारीख आणि वेळ ते ओळखतं. कुणीही फुकट घ्यावं, वापरावं. आमची कंपनीही वापरायची.

अशा सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीला नंबर असतो. तीन आकडे, मध्ये टिंब. आतली एखादी चूक दुरुस्त केली की तिसरा आकडा वाढवायचा. नवी सोय घातली की दुसरा. आणि जुनं वागणंच बदललं, वापरणाऱ्याचं काम त्यानं मोडू शकत असेल, तर पहिला. एवढंच. कधी न पाहिलेल्या माणसाला दिलेला शब्द असतो तो — घे, तुझं काही बिघडणार नाही. किंवा जपून घे, बिघडेल. हे मी नव्या पोरापोरींना शिकवते. मग मला कळत नव्हतं असं कुठल्या तोंडानं म्हणू?

त्या आवृत्तीत मी वेळेचा हिशोब बदलला. आधी वेळ भारतीय घड्याळाप्रमाणे यायची, आता जागतिक वेळेप्रमाणे — म्हणजे साडेपाच तास मागे. बदल योग्यच होता, आजही म्हणेन. पण मोठा होता. पहिला आकडा वाढवायलाच हवा होता.

आणि मी तो वाढवला होता. टाइप केला होता. मग — खोडला.

का? त्याच शनिवारी एका सभेत मला बोलायचं होतं, आणि भाषणातलं माझं सगळ्यात लाडकं वाक्य होतं: इतक्या वर्षांत आमचा पहिला आकडा एकदाही बदललेला नाही. त्या एका वाक्यासाठी. मी तिसरा आकडा वाढवला, शेजारी ‘किरकोळ दुरुस्ती’ असं लिहिलं आणि चहा करायला गेले.

श्रीनिवास ऑफिसात माझ्या शेजारी बसायचा. येलहंकाचा. त्यांचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे बोलण्यात कन्नड मिसळलेलं. दवाखान्यांच्या पेशंटना अपॉइंटमेंटचे मेसेज पाठवायचं काम त्याच्याकडे होतं. त्यानं विचारलं — हे मुद्दाम सांगते, त्यानं विचारलं होतं — “अक्का, तिसराच आकडा बदललाय ना? स्वल्प घाई आहे. घेऊ तसंच?”

“घे बिनधास्त,” मी म्हणाले.

शनिवारी मी ते वाक्य म्हटलं. टाळ्या पडल्या. सोमवारी, सोनोग्राफीसाठी अकराची वेळ मिळालेली माणसं मेसेज वाचून पहाटे साडेपाचला बंद शटरसमोर उभी होती. उपाशीपोटी. मधुमेह असलेल्या एक वयस्कर बाई पायरीवर चक्कर येऊन पडल्या. कपाळाला टाके पडले.

दुपारी मीटिंगमध्ये साहेबांनी माझं मत विचारलं. “बाहेरचं काहीही घेताना आधी तपासून घ्यायला हवं,” मी म्हणाले. वाक्य खरं आहे, नाही का? खोटं बोलायला कधीकधी खरं वाक्यच पुरतं. श्रीनिवासनं माझ्याकडे पाहिलं. मी नंबराबद्दल काही बोलेन म्हणून थांबला. अक्कानंच घे म्हटलं, असं तो म्हणू शकला असता — म्हणाला नाही. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

संध्याकाळी तीच आवृत्ती मी बरोबर नंबर देऊन पुन्हा प्रसिद्ध केली आणि जाहीर लिहिलं, आधीचा नंबर नजरचुकीनं पडला. नजरचुकीनं! माझ्या प्रामाणिकपणाचं अनोळखी लोकांनी कौतुक केलं. श्रीनिवासकडचं काम काढून घेतलं. काही महिन्यांनी त्यानं नोकरीच सोडली.

आता तो व्हाइटफील्डला असतो, स्वतःची टीम सांभाळतो. गेल्या महिन्यात त्यानं मला बोलावलं — त्याच्या नव्या पोरांना आवृत्तीचे नंबर कसे द्यायचे ते शिकवायला. “हे शिकायचं तर आमच्या अक्काकडूनच,” अशी ओळख करून दिली. मी गेले. उत्तम शिकवलं.

मेट्रोपर्यंत सोडायला आला तेव्हा जिन्याशी थांबून म्हणाला, “अक्का, त्या वेळी मी तपासायला पाहिजे होतं. त्या बाईंचं कपाळ अजून डोळ्यांपुढे येतं.”

तो वाट पाहत होता. आम्ही दोघंच होतो, मला घाई नव्हती, शब्दही तयार होते.

“जाऊ दे रे,” मी म्हणाले. “होते चूक एखाद्याच्या हातून.”

आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी त्याला माफ केलं.