गोलसमोरचं गवत

सप्टेंबरमधला रविवार, सकाळ, न्यूझीलंडमधल्या अप्पर हटमधलं आमचं घर. हजर: मी, नवरा आणि शेजारची ब्राझिलियन नर्स. गैरहजर: मुलगी, वर झोपलेली.

शेजारीण रात्रपाळी संपवून थेट आमच्याकडे आली होती, कारण टीव्ही आमचा मोठा. तिच्या गावच्या फुटबॉल क्लबचा सामना होता. तिकडे शनिवारची दुपार. जिंकले तर क्लब वरच्या गटात जाणार होता. तिचं लक्ष मात्र वडिलांकडे होतं. आई गेल्यापासून ते एकटेच राहतात आणि क्लबच्या मैदानाचं गवत राखतात. "इकडे या," म्हणून ती कधीची मागे लागलीय. त्यांचं उत्तर ठरलेलं: "क्लब वर गेला की येतो."

कुणीतरी कुंपणाला फोन बांधून सामना दाखवत होतं. गोलमागे गवती टोपीवाला दिसला की ती ओरडायची, "ते बघ, बाबा!"

मी पोहे परतत असतानाच तिच्या क्लबने गोल केला. मी झाकण ठेवून धावले आणि सोफ्याच्या कडेला टेकले.

"आता कुणी जागा सोडायची नाही," तिने फर्मावलं.

हे आम्हाला समजावून सांगावं लागलं नाही. क्रिकेटच्या वेळी नवरा याच नियमाने सगळ्या घराला खिळवून ठेवतो. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. थोड्या वेळाने करपल्याचा वास आला.

"अगं, पोहे!" नवरा म्हणाला.

"तू ऊठ."

"मी? आणि गोल खाल्ला म्हणजे?"

"मग लागू देत."

कुणीच उठलं नाही. सामना संपल्याची शिट्टी झाली तशी शेजारणीने उशीत तोंड खुपसलं आणि मी गॅसकडे पळाले. मुलगी डोळे चोळत खाली आली.

"आई, इज शी ओके?"

"जिंकले ते."

"ओह, हॅपी क्रायिंग. स्वीट ॲज," ती इथल्या पोरांच्या भाषेत 'मस्त' म्हणाली. "अँड व्हॉट्स बर्निंग?"

वरवरचे पोहे काढून आम्ही खात होतो, तेवढ्यात वडिलांचा व्हिडिओ कॉल आला. टोपी अजून डोक्यावरच. बराच वेळ ते हातवारे करत बोलले. फोन ठेवून ती हसायला लागली.

"येतायत. पण आधी गोलसमोरचं गवत नव्याने लावणार, ते रुजलं की निघणार. वरच्या गटाला असलं मैदान शोभत नाही म्हणे."

"म्हणजे उन्हाळ्यात," मी म्हटलं आणि कामाला लागले. तिच्याकडे जादा खोली नाही, म्हणून ते आमच्याकडे झोपणार. इस्त्रीचं टेबल हलवलं, गादीला ऊन दाखवलं, पांघरुणं धुतली.

मागचं अंगण तेवढं राहिलंय. गवत गुडघ्यापर्यंत आलंय. नवरा म्हणतो, "राहू दे की, पाहुण्यांना आल्या आल्या करमेल." दर रविवारी मी त्याला लॉनमोअर दाखवते.