साडभाऊंचं ‘मले’

यवतमाळ जिल्ह्यावर वरून जेवढा अन्याय पडतो, तो आधी सगळा दारव्ह्याला आमच्या साडभाऊंच्या डोक्यावर पडतो आणि उरलासुरला मग बाकीच्या तालुक्यांना वाटून देतात. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. रोज सकाळी माझा चहा बशीत उतरायच्या आत त्यांचा फोन यवतमाळात येऊन थडकायचा आणि ताजं गाऱ्हाणं सुरू व्हायचं. मी फोन टेबलावर ठेवून दाढी करून यायचो, अंघोळ करून यायचो, एकदा तर बाजारातून भाजी घेऊन आलो. गृहस्थ बोलतच होते. ऐकून ऐकून माझा उजवा कान डाव्यापेक्षा बोटभर लोंबायला लागलाय. बायको हे मानत नाही, पण आरसा मानतो.

आमच्या वऱ्हाडीत ‘मला’चं ‘मले’ होतं, आणि स्वतः काही केलं तर माणूस ‘म्या केलं’ म्हणतो. साडभाऊंकडे ‘मले’ पोत्यानं होतं. ‘म्या’ चिमूटभरही नव्हतं. ते कधी पडले नाहीत, केळ्याच्या सालीनं त्यांना पाडलं. त्यांची बस कधी चुकली नाही. “बस मले सोडून गेली भाऊ,” असं ते सांगायचे, आणि ते अशा सुरात, जणू ती बस त्यांच्याबरोबर सप्तपदी चालली होती. लग्नाच्या फोटोत डोळे मिटलेत, ते फोटोवाल्यानं मिटवले. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं बरं चाललेलं दुकान होतं. “मोबाईलनं मले खाल्लं,” म्हणून त्याचं शटर ओढलं आणि अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले, ते बसलेच. वर्षं गेली. खुर्चीचा पाय वाकला, तर म्हणाले, “पाहा, खुर्चीलेही मी नको झालो.” घर चालत होतं बायकोच्या शिलाई मशीनवर.

शेवटी एक दिवस माझ्या साळीनं ती मशीन जीपच्या टपावर बांधली आणि नेरला भावाकडे निघून गेली. तिथून मला फोन. “भाऊजी, आईक आईक आईकलं म्या. आता त्यायले म्हणा, एक वाक्य ‘म्या’नं सुरू करून दाखवा. त्याच दिवशी वापस येते. नाही जमत, तर राहा म्हणा त्या ‘मले’त एकटेच. मी इथंच दुकान टाकते.” आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. दमलेला माणूस बोलतो तसं बोलत होती.

दुसऱ्या दिवशी साडभाऊंचा फोन. “भाऊ, कुकरनं मले धोका देला.”

“डाळीत पाणी टाकलं होतं का?”

“पाणी टाकाले मले कोणं सांगतलं?”

मी दारव्ह्याला पोचलो. कुकर आतून असा झाला होता की राजूरच्या खाणवाल्यांनी पाहिला असता तर कोळशाच्या भावानं उचलून नेला असता. मी साळीची अट सांगितली. “आता मले बोलूही देत नाही कोणी,” म्हणाले. पण पिशवीत कुकर टाकून, पुरावा म्हणून, माझ्याबरोबर नेरच्या जीपमध्ये बसले. वाटभर ओठातल्या ओठात सराव चालला होता, “म्या… म्या…” शेजारच्या बाईच्या मांडीवर बकरीचं पिल्लू होतं, ते दर वेळी ओ द्यायचं. “पाहा भाऊ, बकरीही मले चिडवून राह्यली.” अख्खी जीप हसली. मला हसायचंही त्राण नव्हतं.

नेरला साळी मशीनवर बसली होती. तिनं मान वर केली नाही. “मले वाटलं…” साडभाऊ म्हणाले. मशीन जोरात. “मले यायले जरा…” मशीन आणखी जोरात. मग त्यांनी गपकन पिशवीतला कुकर काढून तिच्यासमोर ठेवला. मशीन थांबली.

“हा कोणं जाळला?”

साडभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, कुकरकडे पाहिलं. तिघांपैकी कोणीच मदतीला आलं नाही.

“म्या,” ते पुटपुटले. आणि मग बूच उडाल्यासारखं, “डाळ म्या जाळली. दुकानही म्याच बंद केलं. तू म्हणे मोबाईलचं काम शिका. पोट्ट्यायच्या हाताखाली बसाची लाज वाटली मले.” जीभ चावून ते थबकले.

“हे ‘मले’ चालते,” साळी म्हणाली, आणि उठून चहा ठेवायला गेली.

आता साळी दारव्ह्याला परतलीय आणि साडभाऊंचं दुकान उघडं आहे. मिक्सर, पंखे, शिकता शिकता बिघडवलेले चार मोबाईल. एकदम संतबिंत झालेत असं नाही. अधूनमधून एखादं ‘मले’ निसटतं, मग मशीनचा आवाज वाढतो आणि ते वाक्य दुरुस्तीला घेतात.

फोन मात्र बंद झाला. काल सकाळी मी बराच वेळ बशी धरून बसलो आणि बायकोला म्हणालो, “मले आता कोणी फोनच करत नाही.”

“काहून? तुमच्या फोनवरून दारव्हा लागत नाही का?”

लावला. पलीकडे मिक्सर घरघरत होता. “भाऊ, काम करून राह्यलो. मंग बोलतो.” आणि ठेवला.

चहा गार झाला होता. तो म्याच होऊ देला होता.