भेटायला जायचं राहिलं

माझ्या नावापुढे पदवी लागली ती अक्कामुळे. आमच्या घरात एकाचंच शिक्षण होणार होतं. माझ्या या थोरल्या बहिणीने सातवीत शाळा सोडली आणि मला शिकू दिलं.

काल पँट आखूड करायला शिंपीकाकांच्या दुकानात गेलो होतो. त्यांची पत्नी दोन महिन्यांपूर्वी वारली. समोरून एक गृहस्थ येत होते. काकांना पाहताच त्यांनी मोबाइल कानाला लावला आणि रस्ता ओलांडला.

"शाळेपासूनचा मित्र आहे," काका मशीन न थांबवता म्हणाले. "ही गेल्यापासून मला पाहिलं की त्याला फोन येतो."

मला त्या माणसाची चीड आली. घरी येईपर्यंत ती माझ्यावरच उलटली. आठ महिन्यांपूर्वी दाजी, अक्काचे यजमान, गेले. तेराव्याच्या आत मी भेटायला गेलो नाही. मग उशिरा कसं जायचं याची लाज वाटली आणि लाजेपायी आणखी उशीर झाला. दुःखाकडे पाहिलं नाही की ते आपोआप निवेल, असं वाटलं होतं. कुठलं काय! रडून, बोलून लोकांचं दुःख जुनं होतं. माझं अजून पहिल्या दिवसाइतकंच कोरं आहे, आणि तिकडे अक्का एकटी.

आज सकाळी पत्र टाकलं:

"अक्का, तेव्हा परीक्षा आहे म्हणून कळवलं होतं. परीक्षा नव्हती. तुझ्यासमोर यायची हिंमत नव्हती. रविवारी येतो. हवं तेवढं रागव. मग मला दाजींबद्दल सांग, शेवटच्या दिवसाचंही. मी अजून एकदाही रडलेलो नाही."