मामाने वाढू न दिलेला गोळा

मामा गेला त्या रविवारी सकाळी मी बसमध्ये बसून मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होतो. खिशात पेन ड्राइव्ह होता आणि त्यात मी बनवलेल्या कॉम्प्युटरवरच्या खेळाची नवी आवृत्ती. आज काही झालं तरी त्याच्याकडून शेवटचा टप्पा पुरा करून घ्यायचाच, असं वास्कोहून निघतानाच ठरवलं होतं. काय बोलायचं तेही पाठ केलं होतं. बसने अस्नोडा मागे टाकलं, मामाचं मुळगाव दहा मिनिटांवर आलं, आणि मामीचा फोन आला. "बाबू, खंय पावलंस?" मी म्हटलं, "आलोच. मामाला सांग, उंडे घेतलेत, गरम आहेत." ती म्हणाली, "मामा गेलो रे… च्या पिता पिता गेलो." मांडीवर उंड्या पावांची पिशवी अजून गरम होती. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की या माणसाने शेवटी मला फसवलंच.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. राग थोडा निवलाय, पुरता नाही.

माझा मामा मुळगावच्या बाजूच्या खाणीवर शॉवेल चालवायचा. शॉवेल म्हणजे एका घासात अर्धा ट्रक भरणारं अजस्र यंत्र. सावंतवाडीकडून कामाला आलेला माणूस, इथेच स्थिरावला. आमचं घर पेडणे तालुक्यात, शेतीचं, आणि घरात दहावीपुढे कोणी गेलेलं नव्हतं. हायस्कूलसाठी मी मामाकडे राहून डिचोलीला शिकलो. बारावीनंतर फोंड्याला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला, तेव्हा वडील म्हणाले, "चार वर्षं आणखी? मग शेत कोण बघणार?" बोलणं तिथेच अडलं. मामा म्हणाला, देवाला विचारू. आमच्याकडे मोठा निर्णय असला की देवळात कौल लावतात. गुरव देवाच्या मूर्तीला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मामा एकटाच देवळात जाऊन आला आणि संध्याकाळी वडिलांना फोनवर एवढंच म्हणाला, "उजवो." विषय संपला. मी इंजिनिअर झालो तो त्या एका शब्दावर.

म्हणून वास्कोत नोकरी करता करता, सुट्टीच्या दिवसांत जमेल तसा, मी एकट्याने हा खेळ बनवला, तेव्हा ठरवलं की तो सगळ्यांत आधी मामाने पुरा खेळायचा. तो पुरा करेल तेव्हाच जगासमोर ठेवायचा. तसं मी त्याला बोलूनही बसलो. खेळ साधा आहे. अवकाशात तुम्ही एक छोटा दगड असता. दुसऱ्या दगडांवर आदळायचं, ते चिकटतात, तुम्ही वाढता. वाढत वाढत गोळा होतो, गोळ्याचा ग्रह होतो. ग्रह पुरेसा मोठा झाला की त्यावर जीव येतात, बारीक बारीक दिवे लुकलुकायला लागतात. आणखी वाढलात की ग्रह पेटतो आणि तारा होतो. शेवटी तारा कोसळून कृष्णविवर. नाव मी मोठ्या हौसेने ‘ब्रह्मांड’ ठेवलं होतं. मामा त्याला ‘गोळो’ म्हणायचा.

खाण बंद पडल्यापासून मामा घरीच होता. माझा जुना लॅपटॉप जनेलाजवळ, म्हणजे खिडकीशी, मेजावर ठेवला, समोर त्याचं कदेल, बसून बसून वेत खाली गेलेली ती खुर्ची. तीस वर्षं यंत्राच्या दांड्यांवर काम केलेल्या त्या हातांनी माउस असा धरला की जणू जन्मभर तेच करत आलाय. दोन रविवारांत त्याने ग्रह केला. मी खूश. तिसऱ्या रविवारी गेलो, ग्रह तेवढाच. चौथ्या रविवारी तेवढाच. बघतो तर मामा दगडांवर आदळायचं सोडून दगड चुकवतोय.

"मामा, हे काय चाललंय?"

"दिवे लागले मरे वर. कोणतरी रवता थंय."

"ते दिवे मी लावलेत! खोटे आहेत ते, कोणी राहत नाही तिथे."

"तू लायलंस म्हणान काय झाला? रवता तो रवता. आता ह्या गोळ्याक मोठो केलो तर ती सगळी जळतली. बरोबर?"

"बरोबर. खेळच तसा आहे."

"मग तुझो खेळ वाईट आसा," मामा म्हणाला, आणि एक दगड असा काही चुकवला की मला स्वतःला तो चुकवता आला नसता.

मी समजावलं, चिडलो, हात जोडले. वाढणं हाच खेळ आहे, न वाढणारा खेळ कोण खेळेल, हेही सांगितलं. तो शांतपणे ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, "पाव खा." एकदाच थोडं जास्त बोलला. जनेलातून समोर जिथे पूर्वी टेकडी होती तिथे हात करून म्हणाला, "तो डोंगर मीच भरून बोटीर धाडलो. वयल्या वाड्यावरच्या बांयचा पाणी आटला, बायलो कळशे घेऊन आमच्या दारात आयल्यो. मी म्हटलां, मी काय करू, माका साहेबान सांगलां. हंय माका कोण साहेब आसा? तू?" मी म्हटलं, "मामा, हा खेळ आहे." तो म्हणाला, "म्हणानच."

मामी माझ्या बाजूची. स्वयंपाकघरातून ओरडायची, "पोरगो दर आयतारी वास्कोसून येता, तेचा काम अडलांहा, आणि हो म्हातारो दिवे राखीत बसलोहा! घरातलो दिवो गेलो तर उठणा नाय!" मामा तेवढ्यात आणखी एक दगड चुकवायचा. मात्र एका रविवारी मी खरंच निकरावर आलो, म्हटलं यापुढे येणारच नाही, तेव्हा तो नरमला. म्हणाला, "बरां. देवाक विचारूया. उजवो आयलो तर तुझ्यासमोर तारो करतंय."

त्याने खरोखर कौल लावला. खेळातल्या गोळ्यासाठी! पुढच्या रविवारी मी धापा टाकत पोचलो, तर मामा कदेलात बसून दगड चुकवतोय. मान वरही न करता म्हणाला, "डावो." प्रोग्राम नाकारणाऱ्या कंपायलरशी भांडता येतं, मामाशी भांडता येतं, देवाशी कसं भांडू? वर्षभर तो डावा कौल माझ्या आडवा राहिला. मीही इतका हट्टी की दुसऱ्या कोणाला खेळ दिला नाही.

मामा गेल्याच्या बाराव्या दिवशी गुरव घरी आला होता. जेवणं झाल्यावर ओटीवर माझ्याशेजारी बसला आणि हसत म्हणाला, "तुझ्या मामान माझ्याकडसून गाऱ्हाणां घालून घेतल्यान, ता जन्मात विसरूचंय नाय. ‘बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान अंतराळात एक गोळो वाढयल्यान हा, तेका तारो करूचो की नाय ता आज सांग…’ आणि देवळातली चार माणसां म्हणतत, ‘व्हय म्हाराजा!’"

मलाही हसू आलं. म्हटलं, "आणि देवाने डावा दिला."

गुरव माझ्याकडे वळला. "डावो? उजवो पडलो रे. माझो हात मागे येयपर्यंत उजवो पडलो."

मामा म्हणे बराच वेळ पाकळीकडे बघत बसला होता. मग म्हणाला, "देव हो म्हणता. पण हात माझो लागतलो ना." आणि उठताना गुरवाला बजावलं, भाच्याला यातलं काही सांगायचं नाही.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वर्ष! माझं एक वर्ष या माणसाने… आणि ज्याने लग्न, घर, म्हैस, काहीही कौलाशिवाय केलं नाही, त्याने देवाचा शब्द मोडला, तोही मी लावलेल्या खोट्या दिव्यांसाठी. मी रागाने उठलो, विहिरीपर्यंत गेलो, आणि तिथेच थांबलो. दुसरा एक कौल आठवला. मी परत येऊन गुरवाला विचारलं, "मी इंजिनिअरिंगला जायचं होतं तेव्हाचा कौल… तो तुम्ही लावला होता?"

"ना रे. तेव्हा बापूस होतो माझो. तो जाऊन दहा वर्सां झाली."

"काय पडलं होतं, कधी बोलले?"

गुरवाने माझ्याकडे पाहिलं आणि पानाचा डबा उघडला. "आता कोणाक विचारतलंस?"

खरंच कोणाला विचारू? मामाने हे तरी सांगून जायचं होतं. माझी डिग्री, वास्कोची नोकरी, हा खेळ, हे सगळं देवाने दिलं की मामाने फोनवर दिलं, हे मला आता कधीच कळणार नाही.

खेळ गेल्या आठवड्यात मी बाहेर सोडला. शेवटचे टप्पे ऑफिसातल्या मित्राने तपासले. खेळ तपासणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव मामाचं आहे, ज्याने तो कधीच पुरा केला नाही. नवी आवृत्ती मी त्याच्या लॅपटॉपवर मात्र चढवली नाही.

परवाच्या रविवारी मुळगावला गेलो, तर मामी म्हणाली, "बाबू, तो गोळो तसोच रवलोहा. जीव अडकलो आसतलो रे तेचो थंय. एकदाचो मोठो कर आणि बंद कर ता."

"मामाला नको होतं, मामी."

"मग देवाक विचारून ये. देवाक विचारल्याशिवाय तो कायएक करी नाय."

मी देवळाकडे गेलो. गुरव अंगण झाडत होता. मी बाहेरच्या पायरीवर बसलो, चपलाही काढल्या नाहीत. थोड्या वेळाने उठून परत आलो. मामी दारातच उभी होती.

"काय पडला?"

"डावो," मी म्हटलं.

तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, जरा जास्तच वेळ. मग "च्या निवली" म्हणून आत गेली. मी कदेलात बसलो. वेत मामाच्या वजनाने खोल गेलेला, त्यात मी पुरता मावतो. लॅपटॉप उघडला. दिवे होते. डावीकडून एक दगड येत होता… मी गोळा बाजूला घेतला.