आत्याच्या वतीनं

“गोळ्यापाशी पू झालाय,” डॉक्टर म्हणाले. आत्याच्या खुब्यात प्रोस्थेसिस होतं, म्हणजे मोडलेल्या हाडाच्या जागी बसवलेला धातूचा गोळा. साठ सालानंतरच्या त्या दिवसांत अमरावतीत ते नवलच होतं. औषधानं पू हटला नाही तर गोळा काढायचा, आणि मग पाय कायमचा आखूड.

जखम उघडून धुतली. पेनिसिलिन इंट्राव्हेनस, म्हणजे थेट शिरेतून सुरू झालं. हात फळीला बांधला. “हात हलला की सुई निसटेल. शिरा मुळात सापडत नाहीत,” डॉक्टरांनी मला बजावलं.

पण आमची आत्या हातवाऱ्यांशिवाय बोलूच शकत नाही. पहिल्याच संध्याकाळी अकोल्याहून तिच्या मुलीच्या सासूबाई आल्या. अंगण निसरडं म्हणून पडले, असं आत्या सांगू लागताच त्या म्हणाल्या, “अंगणाले काहून बोल लावता, इहीनबाई? पाहून चालत नाही तुमी!” आत्याचा हात फळीसकट उठला. मनगट टम्म सुजलं. नर्सनं कुरकुरत दुसरी शीर शोधली.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा हजर. आत्या मला म्हणाली, “मी हलत नाही. तू बोल.”

मी कॉन्व्हेंटात शिकलेली. पाहुण्यांपुढे पाणी ठेवून आत पळणारी. “काय बोलू?”

“सांग, अकोल्याच्या उन्हानं तुमचं डोस्कं तापलं.”

मी म्हटलं, “आत्या म्हणते, अकोल्याचं हवामान उष्ण आहे.”

वॉर्ड हसला. आत्या कळवळली, “अवं, भांडून राहिली का भूगोल शिकवून राहिली?”

फळी हलू लागली. घाबरून मी ओरडले, “काकू, ऊन तुमच्या डोस्क्यात गेलं!”

 मग काकू खुशीत म्हणाल्या, “पोरीले तोंड हाये तं!”

त्या अमरावतीतच मुक्काम ठोकून रोज येत. मी रोज भांडे. हात जागचा हलला नाही.

हळूहळू ताप उतरला, जखम कोरडी झाली. गोळा राहिला. तुमच्या घरी कुणाला अशी सलाइनची बाटली लागली, तर पाहुण्यांना गप्प बसवण्याच्या फंदात पडू नका. रोग्याऐवजी तुम्ही भांडा.

आत्या उभी राहिली तेव्हा एका बाजूला मी होते, दुसऱ्या बाजूला काकू. पायानं भार पेलला.

“दोनी पाय सारखे हायेत का?” आत्यानं हळूच विचारलं.

काकूंनी वाकून नीट पाहिलं. “पाय सारखे हायेत. बाकी तुमी होत्या तशाच वाकड्या.”

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. उत्तर माझ्या ओठांवर होतं. पण काकू पदरानं डोळे पुसत होत्या, म्हणून तेवढं एक मी गिळलं.